मॅलकी टूहीचे नऊ सेकंद

आमच्या बॅलीमोर्न गावात सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी कुणी कुणाशी बोलत नाही. खाटीक सुरी खाली ठेवतो, केस कापायच्या दुकानातले ड्रायर बंद होतात, आणि एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही असे नवरा-बायकोसुद्धा एकाच रेडिओपाशी येऊन उभे राहतात. कारण त्या वेळी थ्री लेक्स रेडिओवर मेलेल्यांची यादी वाचतात. कोण गेलं, कुठल्या रस्त्यावरचं, चर्चमधली प्रार्थना किती वाजता, दफन कुठे, आणि नंतर जेवण आहे की नाही. जगात कुठे युद्ध पेटलं तरी ती बातमी आमच्याकडे यादीनंतर.

ही यादी सव्वीस वर्षं मॅलकी टूहीने वाचली. अठ्ठावन्न वर्षांचा, किडकिडीत, बिनलग्नाचा माणूस. रेडिओवर कुणाला दिसत नाही तरी यादी वाचताना काळा टाय लावायचा, आणि संपली की काढून खुर्चीच्या पाठीला अडकवायचा. वाचणं सोपं वाटतं, पण सोपं नाही. कुठल्या बाईचं माहेरचं नाव घेतलं नाही तर अर्धं गाव तिला ओळखणार नाही, कुठल्या दोन भावांचं बोलणं बंद आहे आणि म्हणून त्यांची नावं वर्णानुक्रमाने घ्यायची, कुणाच्या बाबतीत 'दीर्घ आजारानंतर' म्हणायचं आणि कुणाचं कारणच सांगायचं नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. शंका आली तर तो मेलेल्याच्या घरी फोन करून विचारी. म्हाताऱ्या बायका बाजारात त्याचा हात धरून म्हणायच्या, "मॅलकी, माझं वाचताना घाई करू नकोस बरं का बाळा." तोही म्हणायचा, "तुम्ही घाई करू नका, मग मीही नाही करणार."

कारण मॅलकी गमत्या होता. यादीनंतर दुपारपर्यंत त्याचा गप्पांचा कार्यक्रम असे, आणि त्यात तो बिशपपासून बटाट्यापर्यंत कुणालाही सोडत नसे. लोक हसून हसून बेजार होत. हे दोन मॅलकी एकमेकांना भेटू नयेत म्हणून मध्ये दहा सेकंदांची शांतता ठेवलेली होती. यादी संपली की दहा सेकंद काही नाही, मग हवामान, मग गप्पा. त्या दहा सेकंदांत तो टाय काढायचा.

त्या मंगळवारी यादीत एकच नाव होतं. "गिल्डे, मॅटी. चॅपल रोड, बॅलीमोर्न. काल दुपारी, राहत्या घरी, पत्नी डिंप्ना आणि कन्या ब्रोना यांच्या सहवासात, शांतपणे. शुक्रवारी अकरा वाजता प्रार्थना, त्यानंतर दफन. दफनानंतर सर्वांनी लेकसाइड हॉटेलात जेवायला यावं, अशी कुटुंबाची विनंती आहे." मग शांतता. मॅलकीने टाय काढला. हवामानाचा कागद मात्र आला नव्हता. बाहेर कन्सेप्टा, म्हणजे रेडिओची टेलिफोन सांभाळणारी, टंकलेखन करणारी आणि खरं तर सगळंच चालवणारी बाई, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होती. दहा सेकंद झाले. बारा झाले. रेडिओवाल्याला मरणाची भीती नसते इतकी शांततेची असते. पंधराव्या सेकंदाला मॅलकीने तोंड उघडलं.

"लोकहो, जा बरं का शुक्रवारी," तो म्हणाला. "चाळीस वर्षं वाट पाहिलीय. मॅटी गिल्डे पाजतोय, आणि या वेळी त्याला गायीचं निमित्त सांगून उठून जाता यायचं नाही."

नऊ सेकंद. मग हवामान आलं. पश्चिमेकडून सरी.

आता हे विनोद म्हणून वाईट नव्हतं, हीच खरी पंचाईत. मॅटी गिल्डे हा गुरांच्या बाजारातला लिलाववाला. दारूच्या दुकानात चौघं बसले की एकेकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी मागवायचं, हा आमचा धर्म. चर्चला न जाणारा आम्ही चालवून घेतो, पण आपला नंबर टाळणारा नाही. मॅटीचा नंबर आला की त्याला आठवायचं, घरी गाय व्यायला झालीय. लगबगीनं टोपी घालून तो निघायचा. शेवटची गाय त्याने सत्त्याऐंशी साली विकली होती. त्यानंतरही ती बिचारी न चुकता दर शनिवारी व्यायची. हा किस्सा सांगितल्याशिवाय गावात एक संध्याकाळ जात नव्हती, आणि तो सगळ्यात रंगवून सांगायचा बॅटी कॉस्टिगन. बॅटी म्हणजे आमचा नगरसेवक, दारूच्या दुकानातल्या बाकावरचा मॅटीचा चाळीस वर्षांचा शेजारी, आणि रेडिओच्या संचालक मंडळाचा सदस्य. गायीचा विनोद मुळात त्याचाच.

पहिला फोनही त्याचाच आला. "हे काय चाललंय, कन्सेप्टा? माणूस अजून जमिनीत गेला नाही आणि याची जीभ वळवळायला लागली! याला काढून टाका. आजच्या आज."

"तुम्ही स्वतः ऐकलंत का, कॉस्टिगनसाहेब?"

"ऐकायला कशाला पाहिजे? मला सांगितलं ना लोकांनी!"

कन्सेप्टाने वहीत दोन रकाने आखले: स्वतः ऐकलं, आणि दुसऱ्याने सांगितलं. गुरुवारपर्यंत दोनशे चौदा तक्रारी आल्या. यादी संपताच गाव कामाला लागतं, म्हणून पहिल्या रकान्यात अकराच नावं होती. एका बाईंनी फोन करून विचारलं, "तो भाग पुन्हा कधी लावणार? माझा चुकला, आणि मला तक्रार करायचीय." हर्लिंग क्लबने, म्हणजे गावातल्या काठी-चेंडू खेळणाऱ्यांनी, निषेधाचा ठराव केला आणि ठरावात अख्खा विनोद शब्दशः दिला, म्हणजे ज्यांना माहीत नव्हता त्यांनाही तो नीट पाठ व्हावा. यादीचे प्रायोजक शवपेट्या बनवणारे. त्यांनी कळवलं की मृत्यूचं गांभीर्य हा त्यांच्या धंद्याचा पाया आहे. फेसबुकवर तर लोक 'बिचारी डिंप्ना' असं लिहून खाली हसण्याची चिन्हं आधी टाकत होते आणि मग पुसत होते.

डिंप्नाला कुणी विचारलं नाही. तिच्या दारावर लोक केक ठेवून जात, आणि तिने दार उघडायच्या आत पळत.

बुधवारी मॅनेजर फिंटन हॅकेटने मॅलकीला बोलावलं. फिंटन तसा वाईट माणूस नाही. वाईट व्हायला जो ठामपणा लागतो तो त्याच्याकडे नाही.

"सोमवारी मंडळ बसतंय," तो म्हणाला. "तोपर्यंत तू निलंबित. स्टुडिओत पाऊल टाकायचं नाही. मॅलकी, कशाला रे बोललास?"

"कागद आला नाही."

"कागद आला नाही म्हणून माणूस मेलेल्याची टिंगल करतो?"

टिंगल केली होती, हे मॅलकीला कबूल होतं. त्याला आतून खरोखर लाज वाटत होती, आणि नोकरी जाईल याची भीतीही तितकीच खरी वाटत होती. यातलं कुठलं जास्त, हे त्याला ठरवता येईना. सव्वीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. त्याला दुसरं काही येतही नव्हतं. त्याने डिंप्नाला पत्र लिहायला घेतलं, चार कागद फाडले, आणि ठरवलं की समोर जाऊन सांगायचं.

शुक्रवारी चर्च खच्चून भरलं. इतकी गर्दी मॅटीच्या आयुष्यात त्याच्याभोवती कधी झाली नव्हती, लिलावातसुद्धा नाही. रांग लावून प्रत्येकाने डिंप्नाचा हात हातात घेतला आणि नेहमीचं "फार वाईट झालं हो" म्हटलं. काहींनी हात जरा जास्तच वेळ धरला, म्हणजे आपण त्या नऊ सेकंदांच्या विरुद्ध बाजूचे आहोत हे तिला कळावं. मॅलकी सगळ्यात मागे उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूंची बाकं मोकळी होती. त्याची पाळी यायच्या आत रांग मोडली, कारण शवपेटी उचलली गेली.

दफन झालं. मॅलकी पाऊस झेलत चालत लेकसाइड हॉटेलशी आला आणि थबकला. हॉटेलसमोरच्या मैदानात चाळीसेक गाड्या उभ्या होत्या. सगळ्यांची इंजिनं चालू, वायपर चालू, आणि आत माणसं बसलेली. कुणी उतरत नव्हतं. खाटीक, शिक्षिका, हर्लिंग क्लबची अख्खी समिती, आणि पहिल्या रांगेत बॅटी कॉस्टिगन, मांडीवर टोपी घेऊन. जो तो शेजारच्या काचेतून पाहत होता की पहिला कोण जातो. कारण आता आत जाऊन सूप प्यायलं की झालंच, गाव म्हणणार, बघा, मॅटी पाजतोय म्हटल्यावर आला! जेवायला जाणं म्हणजे विनोदाला होकार देणं. डिंप्नाच्या सन्मानासाठी न जेवणं भागच होतं. आणि निघून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून सगळे बसून होते, उपाशी.

आत एकशेवीस ताटं मांडलेली होती. भिंतीला लागून सहा वाढपिणी हात बांधून उभ्या. मधल्या टेबलावर डिंप्ना आणि सिडनीहून आलेली तिची मुलगी, दोघीच.

"ये," डिंप्ना म्हणाली. "बस. सूप गार होतंय."

"मिसेस गिल्डे, मी माफी मागायला—"

"ते नंतर. आधी चमचा उचल. कुणीतरी जेवा रे."

तो बसला. त्याने चमचा उचलला. सुपात नुसताच फिरवला.

"ऐकलं तेव्हा मी मोजे वाळत घालत होते," डिंप्ना म्हणाली. "मॅटीचेच. धुऊन ठेवले होते. लाजेनं जीव जातो म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं."

"मला काय झालं कुणास ठाऊक."

"खोटं बोललास असं मी म्हणत नाही. एकोणचाळीस वर्षं मी त्याच्याशी संसार केलाय, मला तू गाय सांगतोस? चहाची ती पाण्यात बुडवायची पुडी तीनदा वापरायचा तो माणूस, आणि तिसऱ्यांदा पाहुण्याला द्यायचा. पण ते सांगायचं तर मी सांगायचं. माझं होतं ते. तू मला विचारलं नाहीस." तिने रुमाल काढला आणि न वापरता परत ठेवला. "आणि आता हे बघ. तू नऊ सेकंदांत केलंस, विचार न करता. हे लोक तीन दिवस विचार करून करताहेत."

"सोमवारी मला काढतील ते."

"मग? तुझं मुंडकं वाढू का मी या ताटांत? मला त्याचं काय करायचंय? मला खुर्च्यांवर माणसं हवीत, मॅलकी. माझ्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा गावाला जेवायला बोलावलंय आणि एक कुत्रं फिरकलं नाही."

"आई, पुरे," मुलगी म्हणाली.

"पुरे कसं? याच्या तोंडाने गेलेत ते. याच्याच तोंडाने येतील." आणि मॅलकीकडे वळून, "गाड्यांमध्ये रेडिओ चालू असतील ना सगळ्यांचे?"

मॅलकी उठला. रेडिओचं कार्यालय चौकापलीकडे, औषधाच्या दुकानाच्या वर. दोनच मिनिटांची वाट, पण तेवढ्यात त्याला सगळं नीट कळून चुकलं. गप्प घरी गेला तर सोमवारी कदाचित समज देऊन सोडतील. लोकांचा राग आठवडाभर टिकतो, त्याहून जास्त नाही. वर गेला तर मात्र कुणी वाचवू शकणार नाही. जिन्यात तो एकदा थांबला, कठड्याला धरून. मग चढला.

"तुला आत सोडायचं नाही, असं लेखी दिलंय मला," कन्सेप्टा म्हणाली.

"स्टुडिओत कोण आहे?"

"कुणी नाही. दोनपर्यंत गाणी आपोआप चाललीत."

"तू चहा कर ना जरा."

"मला नकोय चहा." तिने त्याच्या भिजलेल्या कोटाकडे पाहिलं, आणि मग खुर्ची मागे सारली. "पण करते. चांगला उकळून करते. पाच मिनिटं लागतील."

मैदानातल्या चाळीस गाड्यांत एक गाणं मध्येच तुटलं. टाय नव्हता तरी आवाज टायवाल्या मॅलकीचाच होता.

"गिल्डे, मॅटी, यांचं जेवण लेकसाइड हॉटेलात मांडलेलं आहे. एकशेवीस ताटं आहेत आणि दोन बायका. मंगळवारी मी जे बोललो ते माझं चुकलं, आणि ते मी मिसेस गिल्डेंना सांगून आलोय. त्यासाठी मला जी शिक्षा व्हायची ती होईल. पण तुम्ही तीन दिवस त्यांच्या वतीने अपमान करून घेतलात, आता त्यांच्या वतीने जेवा. बाहेर गाडीत बसलेल्या सगळ्यांची नावं मला माहीत आहेत, आणि नावं वाचायचा मला सव्वीस वर्षांचा सराव आहे. वर्णानुक्रमाने सुरू करतो. कॉस्टिगन, बॅटी."

दुसरं नाव घ्यायची वेळच आली नाही. गाड्यांची दारं एकदम उघडली. आडनाव इंग्रजी 'सी'वरून सुरू होणारे तर पळत सुटले.

जेवण झालं म्हणजे कसं झालं! गोमांस दुसऱ्यांदा मागून घेतलं, ॲपल पाय पुरेना म्हणून हॉटेलवाल्याने केक कापले. तासाभराने बॅटीने डोळे पुसत गायीची गोष्ट काढली, डिंप्नाच्या देखत, आणि मग डिंप्नाने चहाच्या पुडीची काढली, आणि तिची कितीतरी सरस निघाली. ती हसली आणि हसता हसता रडली, आणि या वेळी बायकांनी तिला जवळ घेतलं ते मनापासून घेतलं. मॅलकीचं ताट तसंच राहिलं. तो स्टुडिओत बसून होता आणि फिंटन समोर उभा राहून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मॅलकी, कशाला रे? कशाला?"

सोमवारी मंडळ बसलं तोवर एकशे नव्वद तक्रारी मागे घेतल्या गेल्या होत्या. विनोदाचा विषय पाच मिनिटांत संपला. मानवी चूक, असं ठरलं. समज देऊन सोडावं, असंही ठरलं असतं. पण निलंबित असताना स्टुडिओत घुसणं, चालू गाणं तोडणं आणि श्रोत्यांना नावानिशी धमकावणं, हे फार गंभीर होतं. विनोदाला माफी असते, शिस्तभंगाला नाही. कन्सेप्टाची साक्ष झाली. ती म्हणाली, "मी चहा करत होते." मतदान झालं. बॅटी कॉस्टिगनने बोटाने टेबल ठोकत म्हटलं, "व्यक्तिशः मला जेवण फार आवडलं. पण नियम म्हणजे नियम." आणि हात वर केला.

मॅलकीची नोकरी गेली ती अशी. तक्रारीला दोनशे चौदा जण होते, या काढण्याविरुद्ध एकही फोन आला नाही. गावाला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण कुणाला काढा म्हणायला जेवढा घसा लागतो तेवढा परत घ्या म्हणायला उरत नाही. फक्त डिंप्नाने रेडिओबद्दलच्या तक्रारी घेणाऱ्या डब्लिनच्या सरकारी कार्यालयाला स्वहस्ते पत्र लिहिलं. तिकडून सभ्य भाषेत उत्तर आलं की तक्रार प्रसारित झालेल्या मजकुराबद्दलच घेता येते. श्री. टूही यांना काढलं गेलं ते प्रसारित झालेलं नाही. बाईंची इच्छा असल्यास शुक्रवारी रेडिओवरून केलेल्या हॉटेलच्या निवेदनाबद्दल मात्र त्यांना तक्रार करता येईल.

आता यादी डब्लिनची एक मुलगी आधीच ध्वनिमुद्रित करून पाठवते. आवाज गोड आहे, चूक एक नाही. दोन अबोल भावांची नावं तिने वर्णानुक्रमाने घेतली नाहीत आणि कबरीपाशी मारामारी झाली, पण त्याबद्दल तक्रार कशी करणार? शांततेच्या दहा सेकंदांत आता विम्याची जाहिरात असते.

मॅलकी शेतकऱ्यांच्या सहकारी दुकानात रबरी बूट विकतो. एका सकाळी डिंप्ना तिथे आली. पेंडीच्या पोत्यांमधून वाट काढत ती त्याच्यापाशी आली आणि तिने पर्समधून एक कागद काढला.

"हे माझं," ती म्हणाली. "मीच लिहिलंय. त्या पोरीने वाचलेलं मला चालणार नाही. तेव्हा आत्ताच वाच, मी ऐकायला आहे तोवर."

"इथे?"

"का? बूट ऐकतील म्हणून?"

मॅलकीने कागद घेतला, गळ्याशी हात नेला, टाय नव्हता, आणि वाचलं. घाई केली नाही. डिंप्ना, माहेरची हेनेगन, चॅपल रोड. मॅटीची पत्नी, ब्रोनाची आई. फुलं नकोत. जेवण लेकसाइडला. बाजूला खत उचलणारा एक शेतकरी नकळत टोपी काढून उभा राहिला आणि मग आपल्या कामाला लागला. डिंप्ना डोळे मिटून ऐकत होती. वाचून झालं तरी तिने ते उघडले नाहीत.

"आणि?" ती म्हणाली.

"संपलं. एवढंच लिहिलंय."

"लिहिलेलं ऐकलं मी. आता माझ्याबद्दल काहीतरी बोल. मॅटीबद्दल बोललास ना? का मी तेवढीही नाही?"

मॅलकी हसला. त्याला सुचलंही होतं, जिभेवर आलं होतं, तिच्या आणि चहाच्या पुडीबद्दल. त्याने तोंड उघडलं, आणि आधी दाराकडे पाहिलं, मग त्या शेतकऱ्याकडे, कोण ऐकतंय का म्हणून.

डिंप्नाने तेवढ्यात डोळे उघडले होते. त्याचं ते दाराकडे बघणं तिने पाहिलं. त्याच्या हातून कागद घेऊन तिने घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "माझ्या मापाचे बूट दाखव."